आभाळवाल्यासाठी भाकरतुकडा

भगवानरावांनी पळसाच्या पानांचा भारा ओसरीवर टाकला, तेव्हा मनकर्णा चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. दसऱ्याचा दिवस, घरभर पुरणाचा वास, आणि थोरली सून ज्वारीची भाकरी भाजतेय. पण त्या घरात याचं कोणाला नवल राहिलं नव्हतं. ती भाकरी घरच्या माणसांसाठी नव्हतीच, आभाळवाल्यासाठी होती.

पानांची सळसळ ऐकूनही तिनं मान वळवली नाही. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि मग म्हणाली,

"भाऊजी, पानं सावलीत ठेवा. उन्हानं वाळतीन."

"उद्या सकाळीच लागतात, वहिनी," धाकटे दीर भगवानराव म्हणाले. त्यांनीही तिच्याकडे पाहिलं नाही. भारा मात्र उचलून सावलीत नेला.

उद्या एकादशी होती. घरातून निघून गेलेला माणूस बारा वर्षं परत आला नाही, जिवंत असल्याची बातमी नाही आणि मेल्याचीही नाही, तर पळसाच्या पानांचा त्याचा पुतळा बांधायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि माणूस गेला असं धरायचं, अशी रीत आहे. मनकर्णाचा नवरा अर्जुनराव जाऊन बारा वर्षं झाली होती. उद्या पुतळा जळला की तिनं कुंकू पुसायचं होतं.

तसं अजूनही कोणी घाई केली नसती. पण पंचफुला, तिची एकुलती लेक, बाप गेला तेव्हा भिंतीला धरून चालायची, तिला आता स्थळं येत होती, आणि आलेलं प्रत्येक स्थळ एकाच दगडाला ठेचकाळत होतं. जानेफळच्या पाहुण्यांनी तर तोंडावर विचारलं की पोरीचा बाप आहे का नाही ते एकदाचं सांगा. आहे म्हणावं तर दाखवता येत नाही, नाही म्हणावं तर आईच्या कपाळावर ठसठशीत कुंकू. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. पोळ्यानंतर भगवानराव पुन्हा जानेफळला म्हणून गेले आणि एवढ्या जवळच्या गावाहून आठवड्यानं परतले, ते तोंड उतरवून. आल्या आल्या त्यांनी म्हाताऱ्या वडिलांना, किसनरावांना, सांगितलं की पुतळा करून टाकू, कन्यादान मी करतो.  संध्याकाळी किसनरावांनी होकाराची मान हलवली.

मनकर्णानं एकच मागणं केलं. दसऱ्याचा खेळ मला पाहू द्या, मग काय करायचं ते करा.

खेळ म्हणजे सिनेमा. नवरात्रात कमळजादेवीच्या यात्रेला उकंडरावांची तंबूतली टॉकीज लोणारला यायची आणि एसटी स्टँडमागच्या मोकळ्या जागेत उभी राहायची. उकंडरावांच्या पेट्यांत देवादिकांचे, तलवारींचे, रडारडीचे असे सगळ्या चवीचे सिनेमे होते. पण दसऱ्याला दुसरं काही लावायची त्यांची टाप नव्हती. दसऱ्याला आभाळवालाच लागायचा. त्याचं खरं नाव काहीतरी भारदस्त हिंदीत होतं, ते फलक सोडला तर कोणाच्या तोंडी नव्हतं.

गोष्ट तशी साधी. एक शास्त्रज्ञ आभाळात जाणारं यान बांधतो. यान पत्र्याचं, त्याचे खिळे दिसायचे, आणि ते वर जाताना ज्या तारेला टांगलेलं असायचं ती तारही दिसायची. पोरं 'तार, तार' म्हणून ओरडायची आणि तरीही श्वास रोखून बघायची. आधी चाचणी होते. यान थोडं वर जातं, खाली येतं, शास्त्रज्ञ घरी परततो आणि बायको दारात त्याला ओवाळते. मग तो खराखुरा निघतो, लांबच्या कुठल्याशा ताऱ्याकडे. बायको खिडकीत दिवा लावून वाट पाहते. तिचे केस पिकतात. शेवटी ती दिवा विझवते आणि पडदा काळा होतो.

पहिल्या वर्षी हा शेवट कोणाला रुचला नाही. माणूस गेला तर आला पाहिजे, नाही तर पैसे परत द्या, असं म्हणत लोक तंबूबाहेर पडले. अर्जुनराव मात्र यात्रा संपेपर्यंत रोज जाऊन बसला. एकदा मनकर्णालाही घेऊन गेला. परतताना तो तळ्याच्या कडेला थांबला. आभाळातून काहीतरी पडलं आणि हा एवढा खड्डा झाला, असं तळं पाहायला आलेल्या कोण्या साहेबानं त्याला सांगितलं होतं. तो खाली पाण्याकडे बघायचा, वर बघायचा.

"तो गेला ते दाखवलं," तो म्हणाला. "पण तिथं त्याले काय दिसलं, ते दाखवलंच नाही."

मनकर्णाला तर दिवा विझवणारी बाईच तेवढी दिसली होती. पोरगी भुकेजली असेल, चला घरी, असं ती म्हणाली. पुढे कितीदा तरी तिच्या मनात यायचं की तेव्हा आपण आणखी थोडं थांबायला हवं होतं, काय दिसलं असेल म्हणून विचारायला हवं होतं. तंबू हलला त्याच सकाळी अर्जुनराव मेहकरला जाऊन येतो म्हणून निघाला, आणि लोक म्हणायचे की अजून मेहकरलाच आहे. विहिरी पाहून झाल्या, तळ्यात गळ टाकून झाले. सासूनं तंबूला शिव्याशाप दिले आणि त्या दुःखातच ती गेली.

दुसऱ्या वर्षी तंबू आला, तेव्हा मनकर्णा तिकडे फिरकणार नाही अशी सगळ्यांची खात्री होती. ती पोरीला कडेवर घेऊन गेली. आणि बघते तर शेवट बदललेला. बायको दिवा विझवते, पडदा काळा होतो, लोक धोतर झटकत उठायला लागतात, तोच यान खाली येतं. माणूस घरी येतो, बायको दारात ओवाळते. मनकर्णा उभी राहिली. पोरीसाठी फडक्यात बांधून आणलेल्या भाकरीचा तिनं तुकडा मोडला, पडद्यावरच्या त्या माणसावरून ओवाळला आणि बाजूला टाकला. लांबून आलेल्या माणसावरून उंबऱ्याबाहेर टाकतात तसा.  पुढच्या वर्षी आणखी चार बायका भाकरी घेऊन आल्या, त्याच्या पुढच्या वर्षी निम्मा तंबू. पहिला मान मनकर्णाचा, हे न ठरवता ठरून गेलं.

आता, चाचणीनंतरचा तुकडा उचलून शेवटाला जोडलाय हे न कळण्याइतकं लोणार काही भोळं नव्हतं. पिकल्या केसांची बायको दारात येते ती काळ्याभोर केसांची. पण शेजारची झुंबरबाई ठणकावून सांगायची, "नवरा आला म्हून केस काळे झाले, त्यात काय वं?" आणि पुरुषांचं म्हणणं असं की पहिल्या सालचा शेवट चुकलेला होता, उकंडरावांनी तो दुरुस्त केला. मनकर्णालाही जोड दिसत होती. तिला तिचं वाईट वाटत नव्हतं. दिवा विझल्यावरही पुढचं कोणीतरी जोडू शकतं, एवढ्या एका गोष्टीवर ती वर्ष काढायची. उकंडरावांना आपली दया आली असं ती धरून चालली होती, आणि त्यांचं नाव निघालं की मनातल्या मनात हात जोडायची.

चंद्रावर माणूस खरोखर उतरला त्यालाही वर्ष होऊन गेलं होतं. आता पत्र्याचं यान बघायला कोण कुत्रं येतं, असं शाळेतले वामनराव मास्तर पारावर बसून म्हणाले होते. दसऱ्याला सोनं वाटून झालं आणि दिवेलागणीला तंबू भरला, तेव्हा मास्तर तिसऱ्या ओळीत होते. चंद्रावर गेलेल्यांच्या बायका तेवढे दिवस घरी काय करत होत्या, ते रेडिओनं सांगितलं नव्हतं.

मनकर्णा पुढेच बसली होती. मांडीवर भाकरीचं फडकं, शेजारी पंचफुला. इंजिनाची धडधड सुरू झाली, पडद्यावर उजेड पडला. शास्त्रज्ञानं यान बांधलं, पोरं तारेवरून ओरडली. यान थोडं वर गेलं आणि खाली आलं. माणूस घरी परतला आणि बायको ओवाळणीचं ताट घेऊन दारात आली.

बायकांची एकच गडबड उडाली. कोणी फडकं सोडायला लागली, कोणी उठून पुन्हा बसली.

"माय, हे आत्ताच कसं काय आलं?" पंचफुला म्हणाली.

मनकर्णा पडद्याकडे निरखून बघत होती.  तुकडा फाटला नव्हता, हरवलाही नव्हता. जिथून उचलला होता तिथं तो कोणीतरी परत लावला होता. म्हणजे शेवटी काय येणार हे त्या भरल्या तंबूत तिला सगळ्यांआधी कळलं. उठून जाता आलं असतं. पण बारा वर्षं जी बाई वाट पाहते, तिला आणखी तासभर पाहणं काही जड नव्हतं. खिडकीत दिवा लागला. केस पिकले. बाईनं दिवा विझवला, पडदा काळा झाला आणि काळाच राहिला.

"आभाळवाला कुठं हाये बे?" मागून कोणीतरी ओरडलं आणि मग सगळेच ओरडायला लागले. उकंडराव पुढे येऊन हात जोडत राहिले, सिनेमाची पट्टी जुनी झाली, सांभाळून घ्या म्हणाले. बायका त्यांच्याकडे बघत नव्हत्या, त्या मनकर्णाकडे बघत होत्या. तिनं भाकरी पुन्हा फडक्यात बांधली आणि पोरीला म्हणाली, चल.

सकाळी भटजी यायच्या आधी, देवीला जाऊन येते असं सांगून ती घराबाहेर पडली आणि थेट तंबूकडे गेली. तंबू उतरवायचं काम चाललं होतं. उकंडराव जाड भिंगांचा चष्मा लावून एका बाजूला दोरखंडाच्या गाठी सोडत बसले होते. तिला पाहून त्यांनी पट्टी जुनी झाल्याचं पुन्हा सांगायला घेतलं.

"तुकडा फाटला नव्हता," मनकर्णा म्हणाली. "मी पाह्यला. पयल्या जागी लावला तुमी."

"मी काय लावतो, बाई? मले जवळचं दिसत नाही. जोडकाम माह्या हातचं नाही."

"मंग कोनाच्या हातचं हाये?"

उकंडराव गाठीशी झटत राहिले. खोटं काय सांगावं याचा विचार त्यांनी केला असावा, चेहऱ्यावर तो दिसत होता. पण दुसऱ्याचं खोटं इतकी वर्षं सांभाळून माणूस थकतो. त्यांनी दोर खाली ठेवला.

"पुसदले असतो तो," ते म्हणाले. "तंबू लोणारकडं निघाला का मागं राह्यतो. दुसऱ्या सालीच त्यानं तो तुकडा जोडून देल्ला. म्हणला, लोणारात हाच शेवट लावजा. बाकीच्या गावी आमी खराच लावतो."

मनकर्णा उभी होती ती तिथंच मातीत बसली. माणूस कोण, हे तिनं विचारलं नाही. मग उकंडरावांनीच जे सांगायचं ते सांगितलं. तो पहिल्याच सालापासून तंबूबरोबर आहे, लोणार सोडलं तर मशीन तोच चालवतो, आभाळवाला लागला की अजूनही डोळा न लववता पाहतो. तिकडे त्यानं घर केलं आहे, लेकरंही आहेत. ती ऐकत राहिली. दरवर्षी आपण ज्याच्यावरून भाकरतुकडा टाकला, तो परत येणारा माणूस यायचं टाळणाऱ्यानंच पाठवलेला होता. दुधाची तहान ताकावर भागवतात म्हणे. हे तर ताकाचं चित्र होतं.

"औंदा काऊन काढला?" तिनं विचारलं.

"पोळ्यानंतर, कुठून पत्ता लागला कोन जाने, तुमच्या घरचे धाकटे आले होते पुसदले. लय वेळ बसले दोघं भाऊ. ते गेल्यावर त्यानं तुकडा सोडवून जागच्या जागी लावला." उकंडराव बोलून टाकावं तसे बोलले. "म्हणला, आता तिले दिवा विझवू द्या."

तेव्हा मात्र मनकर्णाला संताप आला. इतक्या वर्षांत देवावर, नशिबावर, त्या पत्र्याच्या यानावरही आला नसेल एवढा. दिवा लावून बस म्हणणारा हाच, आणि आता विझव म्हणणाराही हाच.

स्टँडवर मेहकरची गाडी लागली होती. मेहकरहून पुसदला जाता येतं, हे तिला ठाऊक होतं. कंडक्टर दारात उभा राहून हाक मारत होता. गाडीत बसावं, त्या माणसाला हाताला धरून आणावं, किसनरावांच्या पुढ्यात उभं करावं. आपलं कुंकू राहील. ती गाडीच्या दारापर्यंत गेलीसुद्धा. मग तिच्या डोळ्यांपुढे जानेफळचे पाहुणे आले. बाप मेला म्हटलं तर पंचफुलाला पदरात घेतील. बाप जिवंत आहे, दुसरा संसार थाटून बसला आहे आणि लेकीच्या लग्नालाही यायला तयार नाही, असं सांगितलं तर तोंड फिरवतील. आणि कुंकू राहिलं तरी ते लावायचं कोणाच्या नावानं? कंडक्टरनं घंटी वाजवली. गाडी गेली आणि धूळ खाली बसेपर्यंत ती तिथंच उभी राहिली.

घरी आली तेव्हा भटजी ओसरीवर किसनरावांशी बोलत बसले होते. अंगणात दर्भाच्या काड्यांवर पळसाची पानं लावून भगवानराव पुतळा बांधत होते. पंचफुला त्यांना सुताचे तुकडे तोडून देत होती. भगवानरावांनी वहिनीचा चेहरा पाहिला आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी पुतणीला पाणी आणायच्या निमित्तानं आत पाठवलं.

"मी पाय धरले होते त्याचे, वहिनी," ते खालच्या आवाजात म्हणाले. "नाही आला." "जित्या मानसाचं हे करून राह्यलो, मले झोप नाही. तुमी म्हणसान तर पानं आत्ता तळ्यात टाकून येतो."

मनकर्णानं पुतळ्याकडे पाहिलं. मग ती त्यांच्या समोर बसली आणि भाऱ्यातली पानं उचलली.

"तुमचा भाऊ उंच होता," ती म्हणाली. "पानं कमी पडली."

दोघांनी मिळून पुतळा पुरा केला. ती पान धरायची, ते सूत गुंडाळायचे. पंचफुला पाणी घेऊन आली आणि दाराशी टेकून बघत राहिली. जो बाप तिला आठवतच नव्हता, तो तिच्या डोळ्यांदेखत अंगणात पुरुषभर लांब झाला. भटजींनी मंत्र म्हटले, भगवानराव उचलायला वाकले, तेव्हा मनकर्णा म्हणाली, "थांबा."

ती आत गेली आणि कालची भाकरी आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. हे शास्त्रात नाही असं भटजी सांगू लागले. किसनरावांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. मनकर्णानं भाकरीचा तुकडा मोडला, पानांच्या डोक्यापासून पायापर्यंत ओवाळला आणि लांब फेकून दिला. पायांवर पाणी घातलं. 

"लय लांबून आले," ती म्हणाली.

मग तिनं रस्ता मोकळा केला आणि दिराला म्हणाली, "आता न्या, भाऊजी."

पुतळा दारासमोरून गेला. झुंबरबाई आणि गल्लीतल्या बायका रीतीप्रमाणे तिच्याभोवती जमायला लागल्या. मनकर्णा उंबऱ्यावर बसली, आणि बांगड्या कोणाला फोडाव्या लागू नयेत म्हणून स्वतःच्या हातानं एकेक उतरवून बाजूला ठेवू लागली.